घर चांगलं, डिपॉझिटचा व्यवहार वाईट: लातूरच्या ट्युशन एरियातला दोन खोल्यांचा फ्लॅट

घराला पाचपैकी चार. घरमालकाच्या डिपॉझिटच्या व्यवहाराला शून्य. दोन्ही वेगळं लिहितेय, कारण घर खरंच चांगलं होतं, आणि लातुरात जूनमध्ये चांगलं घर मिळालं की आईबाप मालकाला जास्त प्रश्न विचारायला धजत नाहीत. घर हातचं जाईल ही भीती असते.

मी अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरची शेती, सोयाबीन आणि तूर. मी ब्लाऊज शिवते. थोरल्या लेकीला नीटची तयारी करायची होती म्हणून अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तिला घेऊन लातुरात किरायानं राहिले, तिचे पप्पा आणि धाकटा गावी. आमच्यासारखी शेकडो घरं इथं अशीच दोन ठिकाणी वाटलेली असतात. मालकाचं आणि इमारतीचं नाव देत नाही. प्रकरण तडजोडीनं मिटलंय आणि मला त्यांच्या घरावर दगड मारायचा नाही. पण काय झालं ते पुढच्या जूनमध्ये घर शोधणाऱ्या बाईला कळायलाच पाहिजे.

आधी घराचं सांगते. औसा रोडवरून आत, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. किराया महिना ८,५००, लाइटबिल वेगळं, डिपॉझिट २५,०००. लेक चालत क्लासला जायची. रात्री क्लास सुटल्यावर रस्त्यावर पोरींची एवढी ये-जा असते की एकटीला भीती वाटत नाही. याच एका गोष्टीसाठी मी त्या घराला दोन गुण देईन. हवा चांगली, पूर्वेची खिडकी, शेजारी सगळ्या माझ्यासारख्याच आया. कुणी उदगीरहून आलेली, कुणी मुखेडहून, एक तर पार परळीची. एकीचं लेकरू आजारी पडलं की दुसरी डबा करायची. मालक खालच्या मजल्यावर राहायचे, दोन वर्षं वागणं सरळ होतं, गेटला कुलूप वेळेवर, गोंगाट नाही. कमी काय होतं, तर गच्चीचं पाणी उत्तरेच्या भिंतीत मुरायचं. पावसाळ्यात तिथं ओल धरायची आणि पोपडे निघायचे. मी दोन्ही पावसाळ्यांत मालकांना व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता. "बघतो ताई," एवढंच उत्तर.

नीटची परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी झाली. आमचा दुसऱ्या वर्षीचा कागद मे अखेरपर्यंतचा होता. परीक्षा झाल्याबरोबर मी मालकांना सांगितलं की मे अखेरीला घर सोडतोय. ३१ मे ला घर झाडून-पुसून किल्ल्या दिल्या. ते म्हणाले, हिशोब करून आठ दिवसांत पैसे टाकतो. आठ दिवसांनी पैसे नाही आले, एका वहीच्या पानाचा फोटो आला.

त्यात लिहिलं होतं: रंगकाम ९,०००. नळ आणि बाथरूमच्या फरशीवरचे डाग ३,५००. गीझरची कॉइल १,८००. साफसफाई १,५००. खिडकीची काच ४५०. शेवटचं लाइटबिल ७४०. आणि खाली, "महिनाभर आधी नोटीस दिली नाही म्हणून एका महिन्याचा किराया ८,५००". बेरीज २५,४९०. त्याखाली लिहिलं होतं की वरचे ४९० मी मागत नाही.

म्हणजे पंचवीस हजारांतला एक रुपया परत नाही. आमच्याकडं पंचवीस हजार म्हणजे पाच क्विंटलहून जास्त सोयाबीन. ती रक्कम आम्ही आडतीवरून उचलून भरली होती. तिच्यावर घरातल्या पुढच्या गोष्टी ठरलेल्या होत्या.

मी ते पान लेकीला दाखवलं, मग दोघींनी बसून एकेक आकडा धरला. यातले दोन आकडे खरे होते. काच आमच्या काळात फुटली, ४५० बरोबर. लाइटबिल महावितरणच्या मीटरच्या रीडिंगप्रमाणं, किल्ल्या देताना मी मीटरचा फोटो काढलेला, ७४० बरोबर. हे १,१९० मी पहिल्याच फोनवर मान्य केले. बाकी जे होतं ते आमच्याकडून घेण्याचा त्यांना हक्क नव्हता, आणि का नव्हता ते एकेक करून सांगते, कारण हेच आकडे थोड्याफार फरकानं लातुरातल्या निम्म्या इमारतींत लिहिले जातात.

डागांचं सगळ्यात आधी. लातुरात ज्यांनी बोअरचं पाणी वापरलंय त्यांना सांगायला नको. ताट धुऊन पालथं घातलं तरी वाळल्यावर पांढरे ठिपके. कुकरच्या तळाशी खपली. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, शॉवरची भोकं बुजलेली. पाण्यात विरघळलेला चुना पाणी वाळलं की मागं राहतो. पाणी तापवलं की तोच चुना वेगळा होऊन गीझरच्या कॉइलवर बसतो. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कॉइल स्वतःच तापते आणि एक दिवस जळते. इथल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला हे माहीत आहे. हे शहर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर तरलं. इथं बोअरशिवाय इमारत चालत नाही, आणि ते बोअर मालकांनी पाडलंय, माझ्या लेकीनं नाही. त्या पाण्यानं नळाला जे होतं ते राहणाऱ्याच्या निष्काळजीपणानं होत नाही. मी तर उलट लिंबू आणि व्हिनेगर लावून नळ घासायची, कारण बाजारातल्या कडक ॲसिडनं फरशीची चमक जाते.

फोनवर मी म्हटलं, "काका, गीझर आम्ही आलो तेव्हाच जुना होता. कॉइल पाण्यानं गेली."

"ताई, वापरला कुणी? तुम्हीच ना?"

"वापरण्यासाठीच तर किराया दिला काका, दर महिन्याला."

त्यावर उत्तर आलं नाही. पण माझ्या मते सगळा वाद याच एका वाक्याचा आहे. किराया कशाचा असतो? घर वापरण्याचा. वापरल्यानं जे झिजतं त्याची किंमत त्या किरायात आलेली असते. झिजल्याचे पैसे पुन्हा डिपॉझिटमधून कापायचे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. नुकसान वेगळं. दार तोडलं, बेसिन फोडलं, फरशीवर इस्त्री ठेवून जाळली, तर ते नुकसान, ते भरून द्यायलाच पाहिजे. आमच्या पहिल्या वर्षीच्या करारातही "नैसर्गिक झीज वगळून" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि हे कुणाच्या मेहेरबानीचं वाक्य नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यानं राहणाऱ्यानं घर परत कसं द्यायचं ते सांगताना वाजवी झीज वगळलेली आहे. आमच्यासारखा लिव्ह अँड लायसन्सचा कागद, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, भाडेपट्ट्यापेक्षा वेगळा धरतात, पण झिजेचं तत्त्व तेच, म्हणून तर ते शब्द करारात येतात.

आता रंग. नऊ हजारांचा. त्यांनी भिंतींचे फोटो पाठवले, त्यावर लाल गोल केलेले. एका गोलात अभ्यासाच्या टेबलाची रेघ. एका गोलात लेकीनं पिरियॉडिक टेबलचा तक्ता चिकटवला होता, त्या टेपच्या खुणा. आणि सगळ्यात मोठा गोल कुठं? उत्तरेच्या भिंतीवर, जिथं त्यांच्याच गच्चीचं पाणी मुरत होतं. ज्या ओलीबद्दल मी दोन पावसाळे फोटो टाकत होते, तिचेच पोपडे माझ्या नावावर. हे वाचून मला रडू आलं होतं, खरंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढं कळलं.

आणि डिस्टेंपर काय जन्मभर टिकतो का? आम्ही राहायला आलो तेव्हाच तो ताजा नव्हता, दोन वर्षांनी तो फिका पडणारच. मालकाला दर काही वर्षांनी रंग द्यावाच लागतो, घरात कुणी राहो न राहो. समजा टेपच्या खुणांचं काही देणं निघालंच, तर एका भिंतीच्या पॅचचं निघेल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं नाही.

मी बिल मागितलं. रंगाचं, प्लंबरचं, कॉइलचं, सगळ्यांचं, दुकानाच्या नावाचं आणि तारखेचं. बिल आलं नाही. आलं ते असं: "रंग तर प्रत्येक किरायादार देतो. आपलं तोंडी ठरलं होतं ना ताई, आठवत नाही का तुम्हाला?"

असं काही ठरलं नव्हतं. मला माझ्या प्रत्येक रुपयाचं ठरलेलं आठवतं.

एका महिन्याच्या नोटिशीचं प्रकरण सगळ्यात मोठ्या रकमेचं नसलं तरी सगळ्यात चुकीचं होतं. महिनाभर आधी कळवायची अट असते ती मुदत संपायच्या आत घर सोडणाऱ्यासाठी. आमची मुदत ३१ मे ला संपत होती आणि आम्ही ३१ मे ला निघालो. मुदत संपल्यावर घर सोडायचं हे कागदावरच लिहिलेलं असताना वेगळी नोटीस कशाची? उलट त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की लायसन्सची मुदत संपल्यावर जो घर सोडत नाही त्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे थांबलं तर दुप्पट, वेळेवर निघालं तरी एक महिन्याचा दंड. दोन्हीकडून आपणच द्यायचं, असं कुठल्याही कायद्यात नाही.

शेजारच्या बायकांनी सांगितलं, सोडून दे. प्रत्येकीचं थोडंफार कापलेलंच होतं. कुणी आठ हजार सोडले, कुणी बारा. लेकरू दुसऱ्या गावी ॲडमिशनला जाणार, बाप शेतात, आईनं कुठं कुठं पळायचं? मालकांना हे पक्कं माहीत असतं. जूनमध्ये पेरणी आणि ॲडमिशन एकाच वेळी येतात, तेव्हा लातूरला खेटे घालायला कुणाला सवड नसते. कुणी म्हटलं पोलिसात जा. पण हा पैशाच्या देण्याघेण्याचा दिवाणी वाद, पोलिस त्यात वसुली करून देत नाहीत. धमकी दिली, सामान अडवलं, तर गोष्ट वेगळी. आमच्या बाबतीत तसं काही झालं नव्हतं.

मी आधी पत्र लिहिलं. साध्या मराठीत, एका पानात. घर कधी घेतलं, डिपॉझिट किती दिलं, किती फोनपेनं आणि किती रोख, करारात आकडा किती लिहिलाय, घर कधी सोडलं. काच आणि लाइटबिल मान्य, १,१९० वजा. उरलेले २३,८१० पंधरा दिवसांत खात्यावर द्यावेत. बाकी कपातींसाठी बिलं आणि घर घेतानाचे-सोडतानाचे फोटो दाखवावेत. नाहीतर मी कायदेशीर मार्गानं वसुली करेन. स्पीड पोस्टनं पाठवलं, पोचल्याचा पुरावा ठेवला, तेच व्हॉट्सॲपवरही टाकलं. शिवीगाळ नाही, टोमणा नाही. पत्र उद्या तिसऱ्या माणसासमोर वाचलं जाईल हे धरूनच लिहावं.

त्यांचा फोन आला. आवाज गोड होता. "ताई, लेकीचं पुढचं शिक्षण आहे, कशाला कोर्टकचेरीच्या भानगडीत पडता? पाच हजार टाकतो, मिटवून टाका." मी नाही म्हटलं. माझे पैसे मलाच द्यायला ते घासाघीस करत होते, जसं काही मीच उधार मागायला आले होते.

यानंतर जे झालं ते या सगळ्या लिखाणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या इमारतीतल्या एकीलाही ते माहीत नव्हतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. लातुरात आहे, नांदेडला, बीडला, परभणीला, सगळ्या जिल्ह्यांत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथं बाईमाणसाला वकिलाची मदत फुकट मिळते, आणि बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक यांनाही असंच, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. टोल-फ्री नंबर १५१००. केस कोर्टात दाखल व्हायच्या आधीच तिथं अर्ज देता येतो, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. त्यासाठी कोर्ट फी लागत नाही. समोरच्याला नोटीस जाते, दोघांना बसवून बोलणं होतं, आणि जमलं तर ते लोकअदालतीपुढं ठेवून निवाडा होतो. तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याच्यावर अपील नाही. म्हणजे नंतर कुणी "मी कुठं कबूल केलं" असं म्हणू शकत नाही.

मला एक वकीलताई मिळाल्या. पाहिल्या पाहिल्या त्यांनी विचारलं, "कागद दाखवा. दोन्ही वर्षांचे." पहिल्या वर्षीचा करार ऑनलाइन नोंदणीकृत होता, आधारचे अंगठे घेऊन केलेला. दुसऱ्या वर्षी मालक म्हणाले होते की नोंदणीचा खर्च कशाला, बाँड पेपरवर नोटरी करू. त्या बाँडवर किराया, डिपॉझिट आणि मुदत एवढंच होतं. ताईंनी तो बाँड पाहिला आणि म्हणाल्या, हे बरं झालं.

मला कळेना. तेव्हा त्यांनी कलम ५५ समजावून सांगितलं. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची, राहणाऱ्याची नाही. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुख्य म्हणजे, नोंदणीकृत लेखी करार नसेल तर घर कुठल्या अटींवर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. "तोंडी ठरलं होतं" म्हणणाऱ्या मालकाला याच्यापुढं काय बोलता येणार? तोंडी ठरल्याचं सिद्ध करायचं ओझं त्यांच्याच डोक्यावर, आणि ते ओझं त्यांनीच नोंदणीचा खर्च वाचवून घेतलेलं.

तो खर्च तरी किती? आमच्या घराचा हिशोब ताईंनी तिथंच करून दाखवला. अकरा महिन्यांचा किराया ९३,५००, त्यात डिपॉझिटच्या रकमेवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. जेमतेम अडीचशे रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर ऑनलाइनचा किरकोळ आकार आणि करून देणाऱ्याची मजुरी. एवढ्यासाठी लोक बाँडवर भागवतात आणि नंतर पंचवीस हजारांवर भांडतात.

पुरावा म्हणून आमच्याकडं एक व्हिडिओ होता. राहायला गेलो त्या दिवशी लेकीनं सगळं घर मोबाइलमध्ये घेतलं होतं, गावाकडच्या आजीला दाखवायला. "आजी, हे बघ आपलं किचन, हे बाथरूम." त्या बाथरूममध्ये नळाच्या तोंडाशी तेव्हाच पांढरा थर दिसतो. गीझरवरचा गंजही दिसतो. तिच्या पप्पांच्या फोनमध्ये तो तारखेसकट तसाच होता. आजीला दाखवलेल्या घराचा उपयोग असा होईल हे तेव्हा कुणाला सुचलं असतं?

दुसरा पुरावा जूनमध्येच आला. आम्ही सोडलेल्या घरात नांदेडकडची एक बाई लेकाला घेऊन राहायला आली. शेजारणीनं ओळख करून दिली. मी तिला विचारलं, बाई, तुम्हाला रंग देऊन घर मिळालं का? ती म्हणाली, कुठला रंग, भिंतीवर टेपच्या खुणासुद्धा तशाच आहेत. तिनं फोटो पाठवला. तोच टेबलाचा ओरखडा, तीच उत्तरेची भिंत, तेच नळ. म्हणजे ज्या कामासाठी माझे नऊ हजार आणि साडेतीन हजार कापले, ते काम झालंच नव्हतं. खर्च न करता खर्च लावला होता. नव्या बाईचं नाव मी पुढं केलं नाही, तिला त्याच घरात राहायचं होतं. मी एवढंच म्हटलं की रंगाचं आणि प्लंबरचं बिल समोर ठेवावं, आणि घर आज प्रत्यक्ष पाहायला हरकत नसेल तर सगळेच जाऊन पाहू.

पहिल्या तारखेला मालक आले नाहीत. पुढच्या तारखेला मुलाला घेऊन आले. बिल नव्हतं. घर पाहायला जायचं म्हटल्यावर मुलगा बापाकडं बघायला लागला. वकीलताईंनी मुदतीचा कागद, कलम ५५ आणि व्हिडिओ, तिन्ही शांतपणे मांडलं. आवाज चढवला नाही, मला त्यांचं ते फार आवडलं. नोटीस-महिन्याचे ८,५०० तिथंच गेले. रंग, नळ, गीझर एकामागून एक गेलं. अडलं साफसफाईवर. मालक म्हणाले, एवढं तरी ठेवा, मी बाई लावून घर धुऊन घेतलं. मी घर झाडून-पुसून दिलेलं होतं, फोटो आहेत, त्यामुळं ते १,५०० सोडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण त्या दिवशी निवाडा झाला तर विषय संपत होता, आणि लेकीच्या कागदपत्रांची धावपळ सुरू होती. मी हो म्हटलं. २२,३१० रुपये ठरले. निवाड्यावर सह्या झाल्या. त्याच आठवड्यात पैसे बँकेत आले.

प्राधिकरणाच्या या सेवेला मी पाचपैकी पाच देते. माझा एक रुपया गेला नाही. अर्ज मराठीत, बोलणं मराठीत. मी शिवणकाम करणारी बाई, मला कुणी तिथं हलकं लेखून बोललं नाही. फक्त कागद बरोबर न्या: करार, डिपॉझिट आणि किराया दिल्याचे पुरावे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं छापून, फोटो, पाठवलेलं पत्र आणि पोचपावती. आणि उशीर करू नका. पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तीन वर्षांत फोन बदलतात, फोटो जातात, शेजारणी गाव सोडतात.

जून आला की आयांमध्ये एक सल्ला फिरतो: शेवटचे तीन महिने किरायाच देऊ नका, डिपॉझिटात वळता करा. मला हा सल्ला पटत नाही. करार मोडणारे आपण ठरतो, वर काच-बिलासारखं खरं देणं निघालं तर मालकाच्या हातात काही उरत नाही आणि परीक्षेच्या ऐन महिन्यात दारात भांडण. किराया महिन्याच्या महिन्याला द्यावा, फोनपेनं द्यावा. रोख दिला तर पावती मागावी, पावती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. त्यापेक्षा घर घेतानाच डिपॉझिट कमी करून मागा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा सुचवलेली आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण बोलणी करताना दोन महिन्यांचा आकडा धरायला काहीच हरकत नाही. आमचं डिपॉझिट जवळपास तीन महिन्यांचं होतं.

आणि तीन गोष्टी करारातच लिहून घ्या, मालक कितीही भला असो. रंग कोण देणार. बोअरच्या पाण्यानं नळ-गीझर खराब झाले तर दुरुस्ती कुणाची. डिपॉझिट किल्ल्या दिल्यापासून किती दिवसांत परत. यातल्या एकाही गोष्टीला चांगला मालक नाही म्हणत नाही. जो म्हणतो त्याचं घर कितीही हवेशीर असलं तरी मी घेणार नाही.

तर त्या घराबद्दल कुणी विचारलं तर मी आजही सांगेन: जागा सुरक्षित, हवा चांगली, शेजार चांगला, क्लास जवळ. घ्यायचं तर नोंदणीकृत करार करून, गच्चीची गळती दुरुस्त करून घेऊन आणि पहिल्याच दिवशी व्हिडिओ काढून घ्या.

धाकटा यंदा दहावीत आहे. पुढच्या वर्षी त्याला घेऊन मला परत लातूरला यायचंय. बार्शी रोडकडं एक घर पाहून ठेवलंय, किराया ९,०००, डिपॉझिट १८,०००. तिथल्या काकूंना मी नोंदणीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, निम्मा खर्च तुम्ही द्या, निम्मा आम्ही. मी हो म्हटलंय. गीझरचं मात्र अजून ठरायचंय.